बारा जणांच्या दाराशी

कोर्टात नोकरी केली म्हटलं की आपल्या लोकांना मी वकील होते असं वाटतं. मग मी सांगते, मी अशर होते. यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते पाहायची मला आता सवय झाली आहे. एका बाईंनी तर “थिएटरात जागा दाखवतात ते का?” असं विचारलं होतं. माझी मुलगी मीरा इथेच जन्मली. ती म्हणते, “आई, तू लिही ना हे. तुझी काम कोणालाच माहीत नाही.” काम तिच्या तोंडी कायम स्त्रीलिंगीच राहिलं, पण तिचा मुद्दा बरोबर होता.

अशर म्हणजे काळा गाऊन घालून कोर्टातली सगळी माणसं वेळेवर आपापल्या जागी आणणारी बाई. साक्षीदारांना बोलवायचं, शपथ द्यायची, पाण्याचे जग भरायचे, जज आत आल्या की सगळ्यांना उभं करायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्युरी सांभाळायची. इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या एका क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या कोर्टात, मी हे सोळा वर्षं केलं. नॉटिंगहॅमहून फार लांब नाही, म्हणजे जिथे अनोळखी माणूसही तुम्हाला प्रेमाने ‘डक’ म्हणतो, त्या भागात.

ज्युरी आपल्याकडे कधीच बंद झाली, त्यामुळे थोडं सांगायला हवं. इथे गंभीर गुन्ह्यात आरोपी दोषी की निर्दोष हे जज ठरवत नाहीत. ते ठरवतात बारा साधी माणसं. मतदारयादीतून कॉम्प्युटर नावं उचलतो, घरी समन्स जातं, आणि दर सोमवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये नर्स, प्लंबर, शिक्षक, बेकार, आजोबा, कॉलेजची मुलगी असे सगळे भांबावून बसलेले असतात. त्यातल्या पंधरा-सोळा जणांना मी कोर्टरूममध्ये न्यायची. तिथे क्लार्क नावांची कार्डं पिसून त्यातली बारा काढतो. ज्याचं नाव निघेल त्याने ज्युरीच्या कठड्याच्या चौकटीत जाऊन बसायचं. ठोस कारण दाखवल्याशिवाय कुठल्याही वकिलाला त्याला उठवता येत नाही.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीला असते. तिलाही एकदा ज्युरीचं बोलावणं आलं. तिकडे निवडीची तऱ्हा वेगळी. आधी लांबलचक प्रश्नावली, मग दोन्ही बाजूंचे वकील एकेकाला उभं करून विचारणार: काय काम करता, घरी कधी चोरी झाली होती का, पोलिसांवर विश्वास आहे का. शिवाय काही जणांना कारण न सांगताही नको म्हणायची त्यांना मुभा असते. हिला जेवणाच्या सुट्टीआधीच घरी पाठवलं. संध्याकाळी फोनवर अगदी रडकुंडीला आली होती. “ताई, त्यांनी मला नापास केलं गं. आणि कशात ते पण नाही सांगितलं.”

आमच्याकडे कोणी नापास होत नसे. कधी कधी मला वाटायचं, व्हायला हवं. एकाने दाराशीच विचारलं होतं, “फाशी असते का अजून?” ती नाही हे कळल्यावर तो जरा हिरमुसला. एकदा हॉलमध्ये अस्सल पुणेरी मराठी कानावर आलं. तिशीतला एक मुलगा फोनवर बायकोला सांगत होता, “अगं, पासपोर्ट इंडियन, व्हिसावर आलोय, आणि हे मला जजमेंट द्यायला बसवतायत!” त्याचा फोन संपल्यावर मी मराठीत म्हटलं, “कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून मतदारयादीत नाव घातलंत ना? आणि पाच वर्षं राहिलात. मग बोलावणारच.” तो इतका दचकला की हातातली कॉफी सांडली. “काकू,” तो हळूच म्हणाला, “पण मी चुकलो तर?” मी त्याला सांगितलं, हा प्रश्न ज्याला पडतो तो ज्युरर आम्हाला चालतो.

आता एक गोष्ट, जी मला अजून टोचते.

निवड झाली की प्रत्येक ज्युररने उभं राहून शपथ वाचायची असते. कार्डावर मोठ्या अक्षरांत तीन-चार ओळी असतात. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका तरुण मुलाच्या हातात ते कार्ड दिलं. तो कार्डाकडे बघत राहिला. सगळं कोर्ट थांबलं. मला वाटलं, घाबरलाय. म्हणून मी कुजबुजले, “वाचा ना, सोपं आहे.” शांत कोर्टात कुजबुज भिंतीपर्यंत जाते. त्याचा चेहरा गळ्यापासून कानापर्यंत लाल झाला. त्याने कार्ड माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाला, “मला येत नाही.” जजनी त्याला सौम्यपणे जायला सांगितलं. चौकटीतून दारापर्यंत तो कसा चालत गेला ते मी सांगू शकणार नाही. मी मागे धावले नाही. पुढचं कार्ड पुढच्या माणसाला द्यायचं होतं, मी ते दिलं.

तेव्हापासून मी त्या पंधरा-सोळा जणांना कोर्टरूममध्ये नेण्याआधी, कोणाकडेही न बघता, एक वाक्य म्हणायला लागले. “शपथ वाचण्यापेक्षा माझ्यामागून म्हणायला कोणाला आवडणार असेल तर मला आत्ता सांगा, खूप जण तसंच करतात.”

केन असाच माझ्याकडे आला. साठीचा, रुंद खांद्यांचा, गुडघे दुखत असल्यासारखा पाय टाकणारा. इस्त्री केलेला शर्ट, पण इस्त्री स्वतः केलेली, कारण कॉलरला दोन घड्या होत्या. “चष्मा घरी राहिला, डक,” तो म्हणाला.

त्या हॉलमध्ये इतक्या जणांचे चष्मे घरी राहतात, की मला त्या वाक्याचा वेगळा अर्थ कळायला लागला होता. मी त्याला बाजूला घेतलं. बोलणं अर्थात इंग्रजीत झालं. माझ्या आठवणीत मात्र ते मराठीतच आहे.

“केन, चष्म्याची अडचण आहे की वाचण्याची?”

तो बुटांकडे बघत म्हणाला, “आकडे येतात मला. चाळीस वर्षं लोकांच्या घरांत कार्पेट बसवलंय, इंचाची चूक नाही. अक्षरं जमली नाहीत कधी. कागदाचं सगळं लिंडा बघायची.”

“लिंडा म्हणजे?”

“बायको. गेल्या वर्षी गेली. समन्स आलं तेव्हा शेजारणीला म्हटलं, चष्मा सापडत नाही, तेवढं वाचून दाखव.” मग त्याने वर बघितलं. “लिंडाशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. आता तुम्हाला माहीत झालं.”

मला गप्प राहता येणार नव्हतं, आणि ते मी त्याला सरळ सांगितलं. ज्या खटल्यात ढीगभर कागद वाचायचे असतात तिथे न वाचता येणारा माणूस बसला तर आरोपीवर अन्याय होतो. मी जजकडे गेले. त्यांनी दोन्ही वकिलांना बोलावून हळू आवाजात विचारलं. हा खटला साक्षीदारांचा आणि फोटोंचा होता, वाचायचं जवळजवळ काही नव्हतं. जज म्हणाल्या, “मग त्यांचा हक्क त्यांच्याकडे राहू दे.” कार्डं पिसली गेली, आणि सातवं नाव केनचं निघालं. तो माझ्यामागून शपथ म्हणाला. आवाज खणखणीत होता. बाकीच्या अकरांना काहीही कळलं नाही.

आरोपी होती रोझ. पन्नाशीची, घानाहून आलेली, एका वृद्धाश्रमात केअरर, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणारी. तिथे ॲबट नावाच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आजी राहायच्या. त्यांना विसरण्याचा आजार होता, त्या सारख्या खोलीबाहेर यायच्या. सरकारी पक्षाचं म्हणणं असं, की एका दुपारी रोझचा संयम संपला. तिने आजींना आत घालून दार बाहेरून ओढून धरलं. आजी आतून झटापट करत राहिल्या, पडल्या, आणि खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या एका केअररने पॅसेजच्या टोकावरून रोझला पाहिलं होतं. दोन्ही हात दाराच्या मुठीवर, अंग वाकलेलं, सगळा जोर लावलेला.

रोझ म्हणत होती, “मी दार ओढत नव्हते, ढकलत होते. आतून हाका येत होत्या. दार अडकलं होतं, उघडेना.”

आश्रमाच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, दार कधी अडकत नाही. दोन आठवड्यांनी पोलिसांनी येऊन तपासलं, तर दार एका बोटाने उघडलं. आजींना काही आठवत नव्हतं. त्यांची मुलगी रोज वरच्या गॅलरीत कोट न काढता बसायची. रोझ तिच्याकडे एकदाही बघू शकली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी आश्रमात दुरुस्तीची कामं करणारा माणूस साक्षीला उभा होता. हाच शेवटचा महत्त्वाचा साक्षीदार. ज्युरीच्या हातात फोटो होते. काही त्याच संध्याकाळी आजींच्या मुलीने काढलेले, काही पोलिसांनी दोन आठवड्यांनी. मी चौकटीच्या बाजूला बसायची, त्यामुळे केन मला दिसत होता. तो एक फोटो डोळ्यांजवळ नेई, मग दुसरा, मग परत पहिला. असं बराच वेळ चाललं.

जेवणाच्या सुट्टीत मी ज्युरीला त्यांच्या खोलीत पोहोचवलं, आणि केन मागे रेंगाळला.

“मला त्या माणसाला एक गोष्ट विचारायचीय.”

“काय ते मला सांगू नका,” मी घाईने म्हटलं. खटल्याबद्दल ज्युरीशी एक अक्षर बोलायचं नाही हा आमचा पहिला नियम. “प्रश्न कागदावर लिहून द्यायचा. मी जजकडे नेते.”

मग माझ्याच लक्षात आलं, मी काय बोलले ते.

“तुम्ही लिहा,” तो म्हणाला. “मी सांगतो.”

“मला नाही लिहिता येणार, केन. मी ऐकलं तरी चुकीचं होईल. आत अकरा जण आहेत, त्यांतलं कोणीही लिहील. नाहीतर जजना सांगते, त्या काही मार्ग काढतील.”

“म्हणजे सगळ्या कोर्टाला कळणार.” त्याने कपाळावरून हात फिरवला. “तो माणूस दुपारी जाणार ना?”

“हो. साक्षीपुरावा संपला की नवीन काही विचारता येत नाही.”

त्याच्या खिशात काहीतरी होतं, ते तो आत हात घालून चाचपत राहिला. एवढा दणकट माणूस, पण त्या क्षणी त्याला खुर्ची द्यावी असं मला वाटलं. चाळीस वर्षं त्याने हे लपवलं होतं. पावती लिहायची वेळ आली की हात खराब आहेत म्हणायचं, हॉटेलात ‘तू घेशील तेच’ म्हणायचं, हे सगळं त्याने मला नंतर सांगितलं. समोरच्या दारामागे अकरा अनोळखी माणसं सँडविच खात होती. दुसऱ्या बाजूला एक बाई होती, जिचं काम, घर, नाव, सगळं त्या बारा जणांवर टांगलेलं होतं. मला त्याला ढकलायचाही अधिकार नव्हता आणि थांबवायचाही.

“लिंडा असती तर म्हणाली असती, जा आत,” तो म्हणाला, आणि गेला.

आत तो काय बोलला, ते मला माहीत नाही. ज्युरीच्या खोलीतलं बोलणं बाहेर येत नाही, येऊही नये. मी दाराबाहेर माझ्या खुर्चीत बसून राहिले. पोळीभाजीचा डबा उघडला आणि तसाच बंद केला.

पंधरा-वीस मिनिटांनी आतून टकटक झाली. दारात ज्युरीतली सगळ्यात लहान, कॉलेजातली मुलगी उभी होती. तिने घडी केलेला कागद दिला. तिच्या मागे केन होता. त्याचे डोळे लाल होते, आणि एका पोस्टमन गृहस्थाचा हात त्याच्या खांद्यावर होता. मी कागद घेतला आणि न उघडता जजकडे नेला. कॉरिडॉरमध्ये माझी पावलं नेहमीपेक्षा जोरात पडत होती.

जजनी वकिलांना तो दाखवला आणि दुपारी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. “पहिल्या फोटोत कार्पेट नवीन दिसतं आणि दारापाशी त्याची लव अर्धगोलात दबलेली आहे. पोलिसांच्या फोटोत त्याच दाराखाली फट आहे आणि खालच्या कडेचं लाकूड कोरं, बिनरंगाचं आहे. कार्पेट कधी बसवलं? दार खालून तासलं का? तासलं असेल तर कधी?”

साक्षीदाराने पाण्याचा घोट घेतला. दोन्ही वकील फोटोंवर वाकले. इतके दिवस ते फोटो सगळ्यांच्या समोर होते.

“कार्पेट...” तो म्हणाला, “ते खोल्यांत, आजी पडल्या त्याच्या आदल्या शुक्रवारी बसवलं. जाड होतं. त्या पॅसेजमधली सगळीच दारं घासायला लागली होती.”

“आणि दारं तासली कधी?” जजनी विचारलं.

“ते नंतर. आजी पडल्या त्याच्या पुढच्या आठवड्यात. सगळी दारं काढून रंधा मारला.”

“हे आधी का सांगितलं नाहीत?”

तो खरंच गोंधळला होता. “मला दाराबद्दल विचारलं. आता नीट उघडतं का विचारलं. कार्पेटबद्दल कोणी विचारलंच नाही.”

आरोपीच्या पिंजऱ्यात रोझने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. केन समोर बघत होता, अगदी सरळ, फोटो काढायला बसल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी ज्युरी निर्णयासाठी खोलीत गेली. त्या वेळी अशरलाच शपथ घ्यावी लागते: मी या ज्युरीला एका खाजगी, सोयीच्या जागी ठेवीन, कोणाला त्यांच्याशी बोलू देणार नाही, आणि निर्णय झाला का एवढं सोडून मी स्वतःही बोलणार नाही. ही शपथ मी शेकडो वेळा घेतली असेन. त्या दिवशी ‘मी स्वतःही बोलणार नाही’ म्हणताना मी अडखळले. क्लार्कने माझ्याकडे चमकून पाहिलं.

दुपारी ते परतले. प्रमुख म्हणून ती कॉलेजातली मुलगी उभी राहिली. “निर्दोष. आम्हा सगळ्यांचं एकमत आहे.”

रोझ मटकन खाली बसली. आजींची मुलगी गॅलरीतून खाली आली आणि पॅसेजमध्ये तिची वाट बघत थांबली. मला वाटलं, आता काही होतंय. मी मधे जायला पुढे झाले. ती बाई रोझला म्हणाली, “आई विचारते तुम्हाला. तुमचं नाव विसरलीय, पण गाणं म्हणणारी बाई कुठे गेली, असं विचारते.” मी टिश्यूचं खोकं त्या दोघींच्या मधे ठेवलं आणि निघाले. अशरच्या कामातलं हेही एक कौशल्य आहे, निघायचं कधी ते कळणं.

ही गोष्ट मी नावगाव न सांगता बहिणीला सांगितली, तेव्हा ती म्हणाली, “ताई, आमच्याकडे एखाद्या वकिलाने विचारलंच असतं, काम काय करता म्हणून. कार्पेटवाला म्हटल्यावर ठेवला असता की काढला असता, कोण जाणे.” मलाही ते माहीत नाही. तिकडची पद्धत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. विचारून घेतल्याने मनात डूख धरलेली माणसं गळतात, आणि इकडे तशी माणसं चौकटीत बसलेली मी पाहिली आहेत. पण कार्डं पिसून काढलेल्या बारा जणांत कोणाला काय दिसेल हे आधी कोणालाच ठाऊक नसतं, एवढं मात्र मी सोळा वर्षं जवळून पाहिलं.

त्या संध्याकाळी मी वरच्या मजल्यावर गाऊन काढून ठेवत होते. खिडकीतून रस्त्यापलीकडचा बसस्टॉप दिसतो. बाकावर रोझ बसली होती, मांडीवर कागदांची पिशवी. शेजारी एक हात सोडून केन बसला होता. खटला संपला होता, बोलायला आता काही हरकत नव्हती, पण ते दोघं नुसते समोरच्या रहदारीकडे बघत होते. थोड्या वेळाने केनने खिशातून पेपरमिंटचं पाकीट काढलं आणि तिच्याकडे न बघताच पुढे धरलं. रोझने एक गोळी घेतली.

मग तिची बस आली. ती चढली, खिडकीपाशी बसली, आणि काचेवर हात टेकवून त्याच्याकडे बघत राहिली. केनने हात वर केला. बस वळणापलीकडे गेल्यावर तो उठला, गुडघे चोळले, आणि रस्ता ओलांडून समोरच्या स्टॉपवर जाऊन उभा राहिला. त्याची बस तिकडूनच सुटते.